नॉकलाराचा डावा जोडा

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर बॅलीगारा नावाचं लहानसं गाव आहे. गावामागच्या बुटक्या, गवताळ टेकडीला नकाशात नॉकलारा म्हणतात. गावात मात्र कुणी हे नाव घेत नाही आणि कुणी तिला टेकडीही म्हणत नाही. एखाद्या माणसाबद्दल बोलावं तसं तिच्याबद्दल बोलतात. 'आज त्यानं डोक्यावरून घेतलंय' म्हणजे माथ्यावर धुकं उतरलंय. 'त्याला विचारून ये' म्हणजे वर जाऊन समुद्राचा रंग बघून ये.

पायथ्याला दगडांचा गडगा आहे आणि गडग्याला लागून एक लांब फळी. वर जाणाऱ्याने डाव्या पायातला जोडा त्या फळीवर काढून ठेवायचा आणि एक पाय उघडा ठेवून चढायचं. माथ्यावर काळा, सपाट दगड आहे आणि त्यात डाव्या पावलाचा ठसा. उन्हाळ्यात भोवतालचं गवत करपलं तरी ठशातलं पाणी आटत नाही. त्यात कुणी पाय ठेवत नाही. कुत्रीसुद्धा ते पाणी पीत नाहीत.

पाहुण्यांना वर नेण्याचं काम गेली बावीस वर्षं मॅलकी डोलन करतात. त्याआधी ते गावचे पोस्टमास्तर होते. गडग्यापाशी ते आधी स्वतःचा बूट काढतात आणि बाकीच्यांचे निघेपर्यंत समुद्राकडे बघत उभे राहतात. कुणी कारण विचारलं की म्हणतात, "वर गेल्यावर सांगतो. तोवर एकच पाळा. वर कुणाला नावानं हाक मारू नका. पोर पळालं तर मागं धावा, पण नाव घेऊ नका."

मग ठशापाशी बसून ते जी हकिगत सांगतात, ती अशी.

जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख ओ'रानन कुळाचा होता. रानन नावाचा कुणी मूळपुरुष होऊन गेला, त्याचे हे वंशज. कुळातल्या प्रत्येकाला स्वतःचं नाव असे आणि त्यामागे कुळाचं: दोनाल ओ'रानन, ओवन ओ'रानन. पण कुळानं ज्याला नायक निवडलं, त्याचं स्वतःचं नाव त्या दिवशी गळून पडे. मग तो नुसता ओ'रानन. किताब काय तो एवढाच, पुढे-मागे काही लावायचं नाही. गादी बापाकडून मुलाकडे जात नसे. चार पिढ्यांचे भाऊबंद जमून लायक माणूस निवडत आणि त्याच्यामागून कोण, हेही त्याच्या हयातीतच ठरवून ठेवत. त्या दुसऱ्याला तानिस्ता म्हणत. जमीन नायकाची नसे, कुळाची असे.

ते नाव चढवण्याची रीत याच दगडावर होई. नायक डाव्या पायातला जोडा काढून ठशात पाऊल ठेवी. 'जोड्याचं घर' म्हणून एक घराणं होतं. त्या घरचं माणूस जोडा हातात घेऊन दोनदा नाव पुकारी, जोडा नायकाच्या पायात चढवी आणि तिसऱ्यांदा पुकारी. तिसऱ्या हाकेला नायकानं 'मी आहे' म्हणून ओ द्यायची. मग सगळा जमाव ते नाव घेई. इथून पुढे ते नाव त्याच्या अंगावर. तो मेला की त्याच घरानं त्याच दगडावर आणून जोडा उतरवायचा, मगच दुसऱ्याची पाळी.

ही हकिगत घडली तेव्हा जोड्याच्या घरात मुलगा नव्हता. फीखरा नावाचा म्हातारा होता आणि त्याची एकुलती मुलगी, सायव. ही सायव सहा वर्षं न्यायपंडितांच्या पाठशाळेत शिकून आली होती. मुलींना तिथं घेत नसत. हिला घेतलं, म्हणे, कारण ही तीन दिवस दारातून हलेना. परत आली ती जुने निवाडे तोंडपाठ करून आणि कुळातल्या वडीलधाऱ्यांना जागच्या जागी गप्प करण्याची सवय लावून घेऊन. तिचं लग्न काहल नावाच्या तानिस्ताशी ठरलं होतं. तो तिच्याहून शांत. ती भांडून दमली की तो विचारी, "आता जेवूया?"

त्या वर्षी लंडनच्या राजाचा निरोप आला. नायकानं आपलं नाव आणि मुलूख राजाच्या पायाशी ठेवावा. राजा मुलूख परत देईल, वर 'नॉकलाराचा अर्ल' हा किताब देईल. मखमली झगा, कमरेला तलवार, डोक्यावर सोन्याचं कडं. दरबारात ड्यूक आणि मार्क्विस यांच्या खाली, पण व्हायकाउंट आणि बॅरन यांच्या वर जागा. राजा पत्रात त्याला 'बंधू' म्हणून लिहील. आणि हे सगळं त्याच्या थोरल्या मुलाकडे जाईल, मग त्याच्या थोरल्याकडे, वंश आहे तोवर.

तेव्हाचा नायक तूहल. तो वाईट माणूस नव्हता, असं सांगतात. अकरा वर्षं त्यानं मुलूख नीट सांभाळला होता. पण त्याला एक मुलगा होता आणि आपल्यामागून गादी पोराला नाही तर काहलला मिळणार, हे त्याच्या मनात सलत होतं.

ओवन, दोनाल आणि मूर्ताग हे कुळातले तिघे वडीलधारे निरोपावर विचार करायला बसले. जाईल काय तर एक नाव, आणि ते तर आपल्या सगळ्यांच्याच मागं लागलेलं आहे, असं ओवननं मांडलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. सायव बोलावणं नसताना आत गेली. तिनं सांगितलं, की आज जमीन कुळाची आहे, उद्या ती अर्लची होईल आणि तुम्ही त्याची खंड भरणारी कुळं व्हाल. आज तुम्ही नायक निवडता, उद्या तो जन्मानं ठरेल, मग तो वेडा असो की दुष्ट. दोनाल हसून म्हणाला, पोरीला शिकवलं की अशी होते. ती म्हणाली, "आणि म्हाताऱ्यांना नाही शिकवलं की काय होतं, ते मी आत्ता बघतेय."

तिला बाहेर काढलं गेलं. मग फीखरा उठला. त्यानं विरोध केला नाही, फक्त रीत सांगितली. नाव द्यायचंच असेल तर आधी दगडावर या, मी जोडा उतरवतो, मग कुठंही जा. चढवलेलं नाव दुसऱ्याच्या दारात उतरत नाही. सगळ्यांनी 'हो, हो' म्हटलं. पण जहाज भरतीवर निघणार होतं, टेकडीवर धुकं होतं आणि ओवन म्हणाला, एवढ्याशा रीतीसाठी राजाला खोळंबून ठेवायचं का, परत आल्यावर करू. तूहल जोड्यासकट जहाजावर चढला. त्याच महिन्यात फीखरा वारला.

लंडनला काय झालं, ते तूहलबरोबर गेलेल्या नोकरानं पुढे सांगितलं. तूहलला झगा घालायला आतल्या दालनात नेलं. तिथं उजव्या पायाचा जोडा निघाला, डाव्याचा निघेना. दोघांनी ओढला, तेल ओतलं, शेवटी कारागिरानं सुरी लावली, तर चामड्यातून रक्त आलं. वेळ झाली होती. तसाच तो दरबारात गेला. अंगावर किरमिजी मखमल आणि झग्याखालून दिसणारा चिखलानं माखलेला एक जोडा. गुडघे टेकून त्यानं कागदावर नाव सोडलं आणि अर्ल होऊन उठला. मग मानकऱ्यानं त्याला जागा दाखवली. ती अर्लच्या रांगेतच होती, पण सगळ्या इंग्रज अर्लच्या मागं. त्याच्याहून चाळीस वर्षांनी लहान, मिसरूड न फुटलेला एक इंग्रज अर्ल त्याच्यापुढे उभा होता. आयर्लंडचा किताब म्हणजे तोच शब्द, पण एक पायरी खाली, असं मानकऱ्यानं त्याला समजावलं आणि समजावताना तो सारखा त्या जोड्याकडे बघत होता.

इकडे बॅलीगारात दिवेलागणीला टेकडीवरून हाक येऊ लागली. "ओ'रानन." थोडं थांबून पुन्हा, "ओ'रानन." मग काही नाही. रोज दोनच हाका.

आवाज फीखराचा होता. सायवनं पहिल्या दिवशीच ओळखला. ती गडग्यापर्यंत धावली आणि "बाबा" म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दोन हाका आल्या, तिला ओळख न देता. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की तिसरी हाक जोडा चढवल्यावर मारायची असते आणि बाबांच्या हातात जोडा नाही. ते वाट बघतायत.

पण ते नाव तर सगळ्यांचंच होतं. ज्याच्या मनात होतं की हे नाव खरं मला मिळायला हवं होतं, त्याला ती हाक आपल्यासाठी वाटू लागली. आधी ओवन गेला. एका संध्याकाळी अर्धं ताट तसंच टाकून उठला, ओ दिली आणि वर चढला. सकाळी लोकांना तो दगडावर सापडला, डावा पाय उघडा, डोळे समुद्राकडे. घरी आणल्यावर तो खात होता, चालत होता, गाईचं दूध काढत होता. पण 'ओवन' म्हणून हाक मारली की मागं वळून बघायचा, दुसरं कुणी आलंय का म्हणून. आठ दिवसांनी मूर्ताग गेला, मग दोनाल. तिघेही चुलीपाशी बसून राहत आणि दारात कुणी आलं की त्यालाच विचारत, मी कोण? जोड्याच्या रीतीला हसलेली माणसं एकमेकांना नावं विचारत बसली होती आणि सायवला ते बघून हसू आलं नाही.

एका दिवेलागणीला काहल तिच्याशी बोलता बोलता मधेच थांबला आणि त्यानं मान टेकडीकडे वळवली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "तुझ्या बाबांचं चुकत नाहीये, सायव. माझी निवड झालीच आहे. ती हाक मलाच आहे." त्या संध्याकाळपासून रोज तिनं त्याला गोठ्याच्या खांबाला बांधून ठेवलं आणि तोंडात चादरीचा बोळा कोंबला, ओ देता येऊ नये म्हणून.

चार दिवसांनी अर्ल परत आला. तो दार बंद करून घरात बसला. सायव कुळाच्या रीतीनं लहानपणी पाच वर्षं त्याच्या घरी वाढली होती, म्हणून तिला कुणी अडवलं नाही. तो पाय पाण्याच्या घंगाळात बुडवून बसला होता. जोडा फुगून काळा झाला होता.

"आता मला अर्ल म्हणायचं," तो म्हणाला.

"तुम्हाला काहीही म्हणेन. आधी टेकडीवर चला."

"ते नाव राजानं घेतलं, पोरी. सनदेत लिहिलंय."

"राजानं तुमच्या तोंडातून घेतलं. पायात आहेच की ते अजून."

त्यानं सनद तिच्यापुढे टाकली. जोडा उतरला की नाव मोकळं होणार आणि रीतीप्रमाणे त्याच दिवशी दुसऱ्यावर चढवावं लागणार. पण सनदेत लिहिलं होतं, की या मुलखात यापुढे कुणी पुरुष वा स्त्री नुसतं ते नाव किताब म्हणून धारण करील तर तो राजद्रोह. त्याची शिक्षा फाशी. तूहल म्हणाला, मी जोडा उतरवून घेतो, पण कुणाच्या गळ्यात दोर घालणार आहेस? काहलच्या?

हाच पेच होता. नाव काहलवर चढवलं तर शिपाई त्याला नेणार. न चढवलं तर आज ना उद्या तो दावं तोडून ओ देणार आणि जिवंतपणी हरवणार. सायवनं सनद उजेडाकडे नेली आणि पुन्हा पुन्हा वाचली. पाठशाळेत एक गोष्ट तिला नीट शिकवली होती: कागदात जे लिहिलंय तेवढ्यालाच मनाई आहे. ती म्हणाली, "यात पुरुष आहे, स्त्री आहे. डोंगर नाही."

दुसऱ्या दिवशी दुपार उतरताना सगळा मुलूख टेकडीवर जमला. तूहलला चौघांनी उचलून आणलं. ओवन, दोनाल आणि मूर्ताग यांनाही हाताला धरून आणलं होतं. काहलला खांबाच्या दाव्यासकट आणलं आणि दाव्याचं टोक दोन धट्टेकट्टे भाऊबंद धरून उभे राहिले. सायव दगडापाशी गुडघ्यावर बसली, तूहलचं पाऊल तिनं ठशात ठेवलं आणि जोड्याला हात घातला. ज्या घरानं चढवला त्या घरच्या हाताला तो झोपलेल्या मुलाच्या पायातून निघावा तसा निघाला. आत पाय पांढरा पडला होता, सुरकुतलेला, बुडून मेलेल्या माणसासारखा. तूहल डोळे मिटून म्हणाला, "हलकं वाटतंय." तो पुन्हा कधी या टेकडीवर आला नाही.

तेवढ्यात धुकं खाली सरकलं आणि धुक्यातून फीखराची हाक आली. "ओ'रानन." लोक जागच्या जागी थिजले. मग दुसरी, "ओ'रानन." काहलनं असा हिसडा दिला, की दावं धरणारे दोघे फरफटले.

सायवनं जोडा पाण्यानं भरलेल्या ठशात ठेवला आणि दगडाला, गवताला, सगळ्या टेकडीला उद्देशून तिसरी हाक मारली.

कुणी ओ दिली नाही. टेकडी बोलणार कशी? तिनं सगळा विचार केला होता, एवढा केला नव्हता. तिसरी हाक हवेत होती आणि ती उचलणारं कुणीतरी हवं होतं. तिनं काहलकडे बघितलं. हिसड्यानं तोंडातला बोळा पडला होता आणि त्याचे ओठ उघडत होते.

तेव्हा तिनं डावा पाय उघडा केला, ठशातल्या त्या जोड्यात घातला आणि म्हणाली, "त्याच्या वतीनं मी आहे."

पायाखाली टेकडी हलली, गाईनं उठताना हलावं तशी. सगळ्यांनी नाव घेतलं. काहलच्या अंगातला ताण सुटला आणि तो गवतात बसला. ओवन आणि मूर्ताग झोपेतून जागे झाल्यासारखे इकडेतिकडे बघू लागले. दोनाल थकलेला होता, त्यानं तिथंच शांतपणे प्राण सोडला. सायवनं पाय बाहेर काढला तेव्हा ठशात जोडा नव्हता. पाणी होतं. त्या दिवसापासून ती हाक पुन्हा कधी आली नाही.

उतरताना ओवन सांगत होता, की डोंगराची युक्ती मुळात त्यालाच सुचली होती.

काहल मागं राहिला होता. पायवाटेवर सायव पुढे चाललेली दिसली, तेव्हा तिला थांबवायला त्यानं तोंड उघडलं. नाव आलं नाही. तिचा चेहरा आठवत होता, तिची भांडणं, तिच्या हाताला येणारा शाईचा वास, सगळं. फक्त नाव नाही. त्यानं शेजारच्याला विचारलं. त्यालाही आठवेना. खालपर्यंत जाताना सगळे एकमेकांना विचारत होते. म्हाताऱ्यांनी ओ दिली होती ती अर्ध्या हाकेला, म्हणून त्यांचं नाव फक्त त्यांच्यापुरतं गेलं होतं. तिनं पुरी हाक उचलली होती. तिचं नाव सगळ्या मुलखाच्या तोंडातून गेलं, तिच्या स्वतःच्याही. पाठशाळेच्या वहीत, म्हणे, त्या जागी कोरा कागद निघाला.

ती वळून उभी राहिली होती. "थांबलास का?" ती म्हणाली. "हाक मार ना."

काहलनं तिला आपल्या आईचं नाव दिलं. ते तिनं एक दिवस वापरलं. दुसऱ्या दिवशी त्यानं दुसरं दिलं. त्यांचं लग्न झालं, पुढे एकेचाळीस वर्षं ती त्याच्यासोबत होती आणि तो रोज सकाळी तिला एका नव्या नावानं उठवत असे. त्यातलं एखादं तिचं निघेल म्हणून. एकही निघालं नाही.

अर्लचा वंश तिसऱ्या पिढीत खुंटला. थोरल्याला मुलगा नव्हता, भाऊबंदांनी निवडावं तर ती रीतच उरली नव्हती. किताब मोकळा पडला. पुढच्या एका राजानं तो एका इंग्रज गृहस्थाला दिला. त्यानं जन्मात कधी समुद्र ओलांडला नाही, पण पत्राखाली आपली सही 'नॉकलारा' अशीच केली. मग त्याचाही वंश संपला.

इथपर्यंत सांगून मॅलकी डोलन थांबतात. पाहुण्यांपैकी कुणीतरी नेहमीच विचारतं, की नाव कुणालाच ठाऊक नाही, तर मग सायव कुठून आलं?

"सायव माझी बहीण," ते सांगतात. "नऊ वर्षांची असताना वारली. गोष्ट सांगायची तर काहीतरी म्हणायला हवं ना. मी तिचं नाव दिलंय. माझ्या आधी सांगणारे त्यांच्या घरचं देत."

मग सगळे उतरतात. आजही गडग्यापाशी बूट घालण्यापूर्वी प्रत्येक जण वर तोंड करून आपल्या घरातल्या एका बाईचं नाव हळू आवाजात घेतो. आईचं, मावशीचं, गेलेल्या मुलीचं. जगभरची नावं इथं घेऊन झाली आहेत. नाव घेतलं की उतारावरचं गवत हलायचं थांबतं, कुणीतरी एक पाय उघडा ठेवून पायवाटेवर थबकावं तसं. आपलंच आहे का, हे बघत असावं तसं. मग गवत पुन्हा हलू लागतं.

आजवर एकाही नावाला वरून ओ आलेली नाही.